संकेतस्थळाने गिऱ्हाइकाला काय विचारावे?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका कोल्हापुरातील आपल्या सासरच्या चप्पल-व्यवसायात गेली काही वर्षे लक्ष घालत आहेत. दुकान सासऱ्यांनी नावारूपाला आणले, संकेतस्थळ मात्र यांच्या आग्रहाने सुरू झाले. तिथे लोक येतात, कोल्हापुरी जोड पाहतात आणि बरेचसे काही न घेता निघून जातात. जे घेतात त्यांच्यापैकीही साधारण चौथा जोड माप न जुळल्याने परत येतो. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तरुणाच्या मते स्थळ 'बोलके' करायला हवे. त्यासाठी त्याने चॅटबॉट, सवलतीचे फिरते चाक, उलटी मोजणी करणारे घड्याळ, 'आत्ता इतके जण हा जोड पाहत आहेत' अशी पाटी, चपलेचे थ्रीडी चित्र आणि 'तुमच्या स्वभावाला कोणती कोल्हापुरी शोभेल' अशी प्रश्नमंजूषा सुचवली आहे. खर्च पाऊण लाखाच्या घरात आहे, शिवाय दरमहा भाडे. सासरे म्हणतात, 'पायताण पायात घालून बघितल्याशिवाय कोण घेत नाही, यंत्राशी कोण बोलत बसणार?' आपण काळाच्या मागे पडतो आहोत का आणि यातले नेमके काय घ्यावे, असे पत्रलेखिकेने विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेली एक तक्रार मला साऱ्या पत्रात सर्वांत मोलाची वाटली. 'व्हॉट्सॲपवर दिवसभर एकच प्रश्न येतो, बुटाचा आठ नंबर लागतो तर तुमचा कितवा बसेल, आणि उत्तरे देऊन मी थकते,' असे तुम्ही लिहिले आहे. संकेतस्थळ मुके आहे म्हणून गिऱ्हाईक बोलत नाही, असे तुम्ही आणि तो तरुण दोघेही धरून चालला आहात. प्रत्यक्षात गिऱ्हाईक रोज बोलते आहे, फक्त त्यासाठी त्याला संकेतस्थळ सोडून तुमच्या फोनवर यावे लागते. जे एवढे कष्ट घेत नाहीत, ते मुकाट्याने निघून जातात. तेव्हा लोकांना अधिक वेळ कसे खिळवून ठेवावे या प्रश्नाआधी, ते नेमके कोठे अडतात हा प्रश्न हाती घ्यावा, असे मी सुचवीन. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी एक पैसाही लागत नाही. गेल्या सहा महिन्यांतील व्हॉट्सॲपचे संदेश घेऊन बसा आणि एका वहीत माप, घरपोच मिळण्याची तारीख, परत देण्याची सोय, रंग, देखभाल, खरेखोटेपणा असे रकाने पाडून प्रत्येक प्रश्नासमोर खूण करा. माझा तर्क असा आहे की मापाचा रकाना बाकीच्या सगळ्यांना मागे टाकील. पण माझ्या तर्कावर पैसे खर्च करू नका, वहीवर करा.

सासऱ्यांच्या म्हणण्याकडे तुम्ही जुन्या माणसाचा हट्ट म्हणून पाहता, असे पत्रातल्या सुरावरून वाटले. माझ्या मते त्यांनी रोगाचे निदान अचूक केले आहे, उपाय मात्र त्यांना दिसत नाही. 'पायात घालून बघितल्याशिवाय कोण घेत नाही' याचा अर्थ असा की चपलेच्या व्यवहारात मापाचा विश्वास हीच खरी अडचण आहे. दुकानात हा विश्वास ते कसा देतात, हे एखाद्या गर्दीच्या रविवारी शेजारी उभे राहून पाहा. गिऱ्हाइकाने नंबर सांगितला तरी त्यांची नजर आधी पायाकडे जाते. पंजा रुंद आहे का, पायाची वरची बाजू उंच आहे का, अंगठा बाजूच्या बोटाकडे झुकला आहे का, हे ते न बोलता पाहतात. रोज घालायची की कार्यापुरती, हे विचारतात. कातडे वापराने सैलावते हे ठाऊक असल्यामुळे पहिल्या दिवशी अगदी सैल बसणारा जोड ते बाजूला सारतात आणि 'हा आत्ता घट्ट वाटेल, पण बसेल' असे सांगून दुसरा पुढे करतात. दुकानातला संवाद तो हाच. संकेतस्थळ परस्परसंवादी करायचे म्हणजे हे प्रश्न त्याच क्रमाने दूरच्या गिऱ्हाइकाला विचारता यावेत आणि त्याच्या उत्तराप्रमाणे पुढचे उत्तर बदलावे. असे पान तयार करायचे तर त्याचे खरे लेखक तुमचे सासरे ठरतील आणि तो तरुण लेखनिक. घरातला ताण यातून थोडा हलका झाला, तर तो वरचा लाभ.

त्या पानाविषयी मी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या खर्चाचा मोठा भाग तिथेच जायला हवा. सध्या तुमच्या संकेतस्थळावर मापाचा एक तक्ता आहे आणि तो कुठून तरी उचललेला आहे, असे तुम्हीच कबूल केले आहे. परताव्यांचे मूळ बहुधा तिथेच असावे. ब्रिटिश पद्धतीत एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंतचे अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर असते, तर युरोपीय पद्धतीत ते दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात मिलिमीटरांच्या आसपास असते. या दोन पट्ट्या एकमेकींवर कधीच नेमक्या बसत नाहीत. त्यातून 'आठ म्हणजे बेचाळीस' असे एकास एक रूपांतर केले की कोठेतरी अर्ध्या नंबराची चूक होणारच. अमेरिकेत स्त्रियांचे नंबर ब्रिटिश नंबरांपेक्षा साधारण दोनने पुढे असतात, म्हणून न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकाने सांगितलेला आठ आणि साताऱ्यातल्या गिऱ्हाइकाने सांगितलेला आठ हे दोन वेगळे पाय असतात. शिवाय हे सगळे तक्ते बुटांसाठी आहेत. कोल्हापुरीत पाय बंद होत नाही. तो पट्टा आणि अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची कडी) यांनी धरला जातो, त्यामुळे लांबी बरोबर असूनही पंजा रुंद असेल तर चप्पल चावते आणि पाय सपाट व सडपातळ असेल तर ती मागून निसटते.

म्हणून गिऱ्हाइकाला नंबर विचारण्याऐवजी पाय मोजायला सांगा. ए-फोर आकाराचा साधा कागद २९७ मिलिमीटर लांब असतो, बहुतेक पाय त्यावर मावतात आणि तो प्रत्येक घरात किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. कागदाची कड भिंतीला लावावी, टाच भिंतीला टेकवून त्यावर उभे राहावे, वजन दोन्ही पायांवर सारखे असावे आणि पेन्सिल तिरकी न धरता उभी धरून पायाची रेघ काढावी. हे संध्याकाळी करावे, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. एवढी कृती सासऱ्यांच्या किंवा तुमच्या पायावर फोनने चित्रित करून मराठीत, सावकाश बोलून सांगितलीत, तर अर्ध्या मिनिटाची ती चित्रफीत साऱ्या चॅटबॉटपेक्षा अधिक जोड विकेल, असे मला वाटते. त्याखाली तीन-चारच चौकटी असू द्या : लांबी, पंजाची रुंदी, पायाची वरची बाजू नेहमीची की उंच, आणि वापर रोजचा की प्रसंगापुरता. बटण दाबल्यावर नुसता आकडा दाखवू नका, दुकानात म्हणतात तसे वाक्य द्या. 'तुम्हाला आमचा ७ नंबर बसेल. पंजा रुंद असल्यामुळे सुरुवातीला पट्टा घट्ट वाटेल, वापराने तो सैल होईल. लगेच सैल हवी असल्यास कानवाला (बाजूंना कातड्याचे कान असलेला) जोड न घेता साधा घ्या.' यातले तपशील माझे कल्पनेचे आहेत, खरे तुमच्या कारागिरांकडून घ्या, आणि तक्ताही त्यांच्या कापणीच्या नमुन्यांवरून नव्याने बनवा. कापशीचा जोड आणि कुरुंदवाडीचा जोड यांची कापणी वेगळी असेल, तर तक्तेही वेगळे हवेत. माप दोन नंबरांच्या मधोमध आले, तर पानाने खोटा आत्मविश्वास दाखवू नये. 'कागदाचा फोटो पाठवा, आम्ही पाहून सांगतो' असे म्हणून गिऱ्हाईक तुमच्याकडे सोपवावे.

इथे एक धोका सांगतो. असे पान दाखवण्याआधी फोन नंबर मागायचा, म्हणजे गिऱ्हाईक हातचे जात नाही, असे तुम्हाला हमखास सुचवले जाईल. कृपया तसे करू नका. उत्तर आधी द्या. नंबर नंतर, तोही कशासाठी हवा आहे हे स्पष्ट लिहून मागा. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याचा रोख हाच आहे की माहिती सांगितलेल्या हेतूपुरतीच आणि संमतीने घ्यावी. कायदा बाजूला ठेवला तरी, माप विचारायला आलेल्या बाईचा फोन दुसऱ्या दिवसापासून जाहिरातींनी वाजू लागला तर ती पुन्हा येणार नाही, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको.

मापाच्या पानाला जोडूनच अभिप्रायांची रचना बदला. 'छान', 'मस्त क्वालिटी' अशा पाच चांदण्यांच्या अभिप्रायांनी नव्या गिऱ्हाइकाची शंका फिटत नाही. अभिप्राय मागताना तीन प्रश्न विचारा : बुटाचा कितवा नंबर लागतो, आमचा कितवा घेतला, आणि बसला कसा, घट्ट, बरोबर की सैल? सोबत पायातल्या चपलेचा फोटो मिळाला तर उत्तम. मग नवे गिऱ्हाईक स्वतःसारख्या पायाचा माणूस शोधू शकते, आणि तुमचा तक्ता कोठे चुकतो हे तुम्हालाही कळते. नाराजीचे अभिप्राय पुसू नका. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत व प्रसिद्ध करावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक असले तरी विकत घेतलेले वा निवडून ठेवलेले अभिप्राय म्हणजे फसवणूक, हा त्यामागचा विचार लहान दुकानालाही लागू आहे. 'सात नंबर घट्ट झाला, त्यांनी आठ बदलून दिला' हा तक्रारवजा अभिप्राय तर मी सर्वांत वर ठेवीन.

आता चॅटबॉट. त्याला माझा सरसकट विरोध नाही. तो कोणाच्या नावाने बोलतो, हे मात्र आधी समजून घ्या. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला, आजीच्या निधनानंतर प्रवासासाठी तिकीट काढताना, शोकप्रसंगी मिळणाऱ्या सवलतीसाठी नंतरही अर्ज करता येईल असे चुकीचे सांगितले होते. कंपनीने पैसे नाकारले आणि चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा अजब बचाव केला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला. संकेतस्थळावरील सारी माहिती, मग ती साध्या पानावर असो वा चॅटबॉटच्या तोंडी, कंपनीचीच जबाबदारी असते, असे सांगून भरपाई द्यायला लावली. तुमच्या यंत्राने रात्री दोन वाजता 'हो, वापरलेली चप्पलही परत घेतो' असे कोणाला सांगितले, तर सकाळी ते वचन तुम्हाला पाळावे लागेल किंवा मोडावे लागेल. एवढ्या मोठ्या कंपनीला जे निस्तरता आले नाही, ते महिन्याला काही डझन जोड पाठवणाऱ्या दुकानाने अंगावर का घ्यावे?

तुमच्या आकाराच्या व्यवसायाला व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे आणि ते मोफत आहे. त्यात मालाची यादी लावता येते, ठरावीक उत्तरे साठवून एका खुणेने पाठवता येतात, दुकान बंद असताना आपोआप निरोप जातो आणि गिऱ्हाइकांना 'माप विचारले', 'पैसे बाकी', 'बदलून द्यायचा' अशी लेबले लावता येतात. संकेतस्थळावरच्या प्रत्येक जोडाखाली असे बटण ठेवता येते की ते दाबताच तुमच्या नंबरावर जोडाचे नाव, रंग आणि मापाच्या पानाने सुचवलेला नंबर आधीच लिहिलेला संदेश उघडतो. गिऱ्हाइकाला टंकायचे कष्ट पडत नाहीत आणि तुम्हाला 'कोणता जोड?' असा उलटा प्रश्न करावा लागत नाही. बटणाशेजारी उत्तर मिळण्याची वेळ लिहा : 'सकाळी १० ते रात्री ८, सोमवारी बंद', किंवा जी तुमची वेळ असेल ती. 'आम्ही चोवीस तास हजर' असे लिहून दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर देण्यापेक्षा हे कितीतरी बरे. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव आणि संपर्कही संकेतस्थळावर असू द्या. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे.

फिरते चाक, उलटे घड्याळ आणि 'आत्ता इतके जण पाहत आहेत' ही पाटी, हे तिन्ही मी यादीतून काढून टाकीन. चाकाचे कारण व्यावसायिक आहे. हाताने शिवलेल्या जोडाची किंमत दर भेटीला दहा-पंधरा टक्क्यांनी घसरताना दिसली की गिऱ्हाईक मूळ किमतीवर विश्वास ठेवणे सोडते आणि पुढच्या सवलतीची वाट पाहू लागते. कारागिराची मजुरी त्या चाकावर फिरत नाही, ती द्यावीच लागते. घड्याळाचे आणि पाटीचे कारण मात्र कायद्यातही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या संकेतस्थळावरील १३ क्लृप्त्या नमूद केल्या आहेत आणि खोटी घाई हे त्यातले पहिलेच नाव आहे. घड्याळ शून्यावर येऊन पुन्हा पहिल्यापासून चालू होत असेल किंवा पाहणाऱ्यांचा आकडा यंत्राने रचलेला असेल, तर तो याच सदरात मोडतो. चप्पल निवडताच तेलाची बाटली टोपलीत आपोआप पडावी, अशी जी 'हुशार' सूचना तुम्ही कौतुकाने लिहिली आहे, तीही त्या यादीत आहे. ग्राहकाने न मागितलेली वस्तू हिशेबात घुसवणे ते हेच. तेल जरूर विका, पण खूण गिऱ्हाइकाला करू द्या. आणि एखाद्या नंबराचे खरोखर दोनच जोड उरले असतील तर तसे अवश्य लिहा, ती माहिती आहे.

थ्रीडी चित्राबद्दल थोडक्यात सांगतो. गिऱ्हाईक तुमचे पान बहुधा साध्या फोनवर, मोबाइल डेटावर, कदाचित एसटीत बसून उघडते. मुख्य चित्र अडीच सेकंदांत दिसावे आणि स्पर्श केल्यावर ०.२ सेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, ही गूगलने घालून दिलेली चांगल्या पानाची मोजपट्टी आहे. जड त्रिमितीय चित्राने ती मोडण्याचा संभव अधिक. त्याऐवजी तळ वाकवून दाखवणारी, टाचेची जाडी पट्टी लावून मोजणारी आणि चालतानाचा करकर आवाज ऐकवणारी छोटी चित्रफीत ठेवा. त्याच जोडाचा नवा असतानाचा आणि वर्षभर तेल खाऊन गडद झाल्यानंतरचा, असे दोन फोटो एकावर एक ठेवून बोटाने मधली रेघ सरकवता येईल अशी सोय करता आली, तर मात्र मी आनंदाने पैसे मोजीन. 'रंग बदलला' अशी तक्रार करणाऱ्याला कोल्हापुरीचा रंग बदलतोच, हे त्यातून आधीच कळते.

स्वभावावरून चप्पल सुचवणारी प्रश्नमंजूषा करमणूक म्हणून वाईट नाही, पण तिचे उत्तर कोणाच्याच उपयोगाचे नाही. तिच्या जागी प्रसंगावरून निवड करू द्या : लग्नात नवरदेवासाठी, नऊवारीवर, रोज ऑफिसला, पावसाळ्यात. शेवटच्या पर्यायावर 'पावसात कातडी कोल्हापुरी घालू नका' असे उत्तर देण्याचे धाडस तुमच्या संकेतस्थळाने दाखवले, तर बाकीच्या उत्तरांवर लोकांचा विश्वास बसेल. वेणी, गोंडा, रंग निवडून आपला जोड आपणच रचण्याची सोय तुम्हाला खुणावते आहे, ती मोहक आहे खरी. पण पडद्यावर दिसणारा प्रत्येक पर्याय कारागिराने करायचा असतो. त्यांच्याशी बसून खरोखर होऊ शकणाऱ्या चार-पाच जोडण्या ठरवा आणि प्रत्येकीसमोर लागणारे दिवस लिहा. मागणी आल्यावर कातडे कापले, शिवण झाली, जोड निघाला, असे तीन फोटो गिऱ्हाइकाला पाठवता आले तर तो दोन आठवडे शांतपणे थांबतो. मात्र कारखान्यात फोटो काढणारा माणूस नेमका कोण, हे ठरल्याशिवाय ही सोय जाहीर करू नका.

खरेखोटेपणाच्या शंकेवर उत्तर तुमच्या हाताशीच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. २०२५ च्या उन्हाळ्यात मिलानमधल्या, प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी पादत्राणे झळकली आणि त्यावरून वाद उठला. त्यानंतर दूरचे गिऱ्हाईक 'खरी कोणती' हे अधिक विचारू लागले आहे, असे तुम्हीही नोंदवले आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने अधिकृत जोडांसाठी क्यूआर कोडची व्यवस्था पुढे आणली आहे. तुमचे कारागीर तिच्यात बसतात का, याची महामंडळाकडे चौकशी करा. फोनने खूण वाचून करणाऱ्याचे नाव व जिल्हा समजणे, हा गिऱ्हाइकाशी साधलेला संवादच आहे आणि तो चप्पल घरी पोचल्यावरही चालू राहतो.

यश कशावरून मोजायचे, हेही बोलून ठेवू. तो तरुण तुम्हाला 'संकेतस्थळावरचा सरासरी वेळ दुप्पट झाला' असा आलेख दाखवील. त्यावर भुलू नका. चाक फिरवत दहा मिनिटे रेंगाळलेल्या माणसापेक्षा माप कळून दोन मिनिटांत पैसे भरणारा माणूस तुम्हाला हवा आहे. तुमच्यासाठी दोनच आकडे पुरेत : शंभर मागण्यांमागे मापामुळे परत आलेले जोड, आणि मापाचे पान वापरून मागणी केलेल्यांपैकी परत केलेले किती. निकालाची घाईही करू नका. महिन्याला चाळीस मागण्या असतील, तर परतावे दहावरून सातवर आल्याने काही सिद्ध होत नाही, तो योगायोगही असू शकतो. तुळशीच्या लग्नानंतरचा अख्खा लग्नहंगाम जाऊ द्या, मग वही उघडा.

असेच प्रश्न विचारणारी आणखी काही पत्रे माझ्यासमोर आहेत, त्यांच्यासाठीही दोन शब्द. तुमच्याकडे चप्पल नसेल, पण गिऱ्हाईक अडते ती एक जागा प्रत्येक व्यवसायात असते. देवगडहून हापूस पाठवणाऱ्याकडे लोक विचारतात, पेटी कोणत्या दिवशी खायला तयार होईल. त्यांनी पिनकोड आणि खाण्याची तारीख विचारून पेटी कधी निघेल ते सांगणारी साधी सोय करावी. मालवणातल्या घरगुती निवासाला खोल्यांच्या रिकाम्या तारखा दाखवणारे, रोज खरे ठेवलेले कॅलेंडर हवे. ते रोज खरे ठेवणे जमणार नसेल, तर फोन नंबर मोठ्या अक्षरांत देणे अधिक प्रामाणिक. केटरिंगवाल्यांनी जेवणाच्या पानांची संख्या आणि पदार्थ निवडल्यावर अंदाजे रक्कम दिसेल असा हिशेब ठेवावा. 'किमतीसाठी संपर्क करा' एवढेच वाचून लोक निघून जातात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

शेवटी तुमच्या तरुण मित्राशी करायच्या बोलणीबद्दल. त्याच्या कोटेशनमधून चाक, घड्याळ, पाटी, थ्रीडी आणि प्रश्नमंजूषा वगळा, चॅटबॉट वर्षभर लांबणीवर टाका, आणि मापाचे पान, अभिप्रायांचा नवा अर्ज, जोडागणिक व्हॉट्सॲपचे बटण आणि पिनकोडवरून घरपोच मिळण्याची तारीख या चार गोष्टींचा नवा दर मागा. खाते उघडल्याशिवाय मागणी नोंदवता येत नाही, ही सध्याची अटही त्याच्याकडून काढून घ्या. मोबाइल क्रमांक आणि पत्ता पुरतो. रक्कम तीन टप्प्यांत द्या आणि शेवटचा टप्पा, सासऱ्यांनी स्वतः फोनवर पाय मोजून नंबर काढल्यानंतर द्या. त्यांना जिथे थांबून 'आता काय करायचं?' असे विचारावे लागेल, तिथे गिऱ्हाईकही थांबणार आहे. आणि संकेतस्थळाचे नाव त्या तरुणाच्या ईमेलवर नोंदलेले आहे, पासवर्डही त्याच्याकडेच आहे, असे तुम्ही ताज्या कलमात लिहिले आहे. तो कितीही भला असला तरी नव्या कामाची बोलणी सुरू करण्याआधी नाव दुकानाच्या ईमेलवर करून घ्या, पासवर्ड बदला आणि आजवरच्या गिऱ्हाइकांची यादी उतरवून स्वतःकडे ठेवा.